रविवारी करून ठेवायचा आठवड्याचा नाश्ता

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

परवा फोनवर म्हणालीस की सकाळी घाईत नाश्ता राहूनच जातो. तू उपाशीपोटी कामावर जावंस हे मला मुळीच पटत नाही. रविवारी तास-दीड तास काढ आणि अंड्याची सँडविचेस करून फ्रीझरमध्ये टाक. मागे केलीस तेव्हा पावाचा लगदा झाला म्हणून सोडून दिलंस ना? तसं का होतं ते कळलं, की पुन्हा होणार नाही.

सगळा खेळ पाण्याचा आहे. गोठताना पदार्थातल्या पाण्याचे बर्फाचे स्फटिक होतात आणि ते आतल्या पेशी फोडतात. मग गरम केलं की तेच पाणी सुटून पावात मुरतं. म्हणून टोमॅटो, काकडी, कोवळी पानं आत भरायचीच नाहीत, हवी तर सकाळी खाताना घाल. मेयोनीजही नको, ते फाटतं. पालक, कांदा, मश्रूम चालतील, पण तव्यावर पाणी पूर्ण आटेपर्यंत परतून. पालक परतल्यावर मुठीत घेऊन पिळ, कितीतरी पाणी निघतं बघ.

उकडलेलं किंवा नुसतं तळलेलं अंडं घेऊ नकोस. गोठवल्यावर पांढरा भाग रबरासारखा होतो. त्यापेक्षा 8 अंडी अर्धा कप दूध, मीठ आणि मिरपूड घालून फेट. साधारण 20 बाय 30 सेंटिमीटरच्या ट्रेमध्ये बटर पेपर घालून, त्याला तूप किंवा लोणी लावून मिश्रण ओत. 175 अंशांवर 15 ते 20 मिनिटं भाज. ट्रे हलवला तर मधला भाग डुचमळता कामा नये. याचे पावाच्या मापाचे 6 चौकोन निघतात. ओव्हन नसेल तर मंद आचेवर झाकण ठेवून जाड ऑम्लेट कर, तेही छान होतं.

आता थांबायचं. गरम अंडं पावात घालून गुंडाळलंस तर वाफेचं पाणी आतच राहतं आणि त्याचा बर्फ होतो. अंडं जाळीवर पसरून गार होऊ दे. पण गार करायचं म्हणून विसरून जाऊ नकोस, शिजलेलं अंडं 2 तासांपेक्षा जास्त बाहेर राहता कामा नये. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त थांबते, म्हणून आत जाणारा पदार्थ मुळात चांगलाच हवा.

तोवर पाव हलका भाजून घे आणि तोही गार कर. लोणी अगदी कडेपर्यंत लाव. मधोमध बोट फिरवल्यासारखं नको. स्निग्धाचा तो थर पाणी पावात जाऊ देत नाही. मग अंडं, वर चीज, वर पाव.

प्रत्येक सँडविच आधी बटर पेपरमध्ये, मग फॉइलमध्ये घट्ट गुंडाळ आणि सगळी झिपच्या पिशवीत घालून हवा दाबून काढ. फ्रीझरच्या कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफ होऊन उडते, मग पदार्थावर पांढरट, चामट डाग पडतात. पिशवीवर तारीख लिही. पहिल्या दिवशी एकावर एक रचू नकोस, सुटी ठेव. लवकर गोठली की स्फटिक बारीक राहतात. फ्रीझर उणे 18 अंशांवर असू दे आणि चवीसाठी महिन्याभरात संपव.

रात्री झोपताना एक सँडविच खाली फ्रिजमध्ये काढून ठेव. सकाळी फॉइल आठवणीने काढ, ती मायक्रोवेव्हमध्ये चालत नाही. कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून निम्म्या पॉवरवर मिनिटभर, मग उलटून पूर्ण पॉवरवर अर्धा मिनिट. रात्री काढायचं राहिलं तर निम्म्या पॉवरवर जास्त वेळ दे. घाईने पूर्ण पॉवर लावू नकोस. मायक्रोवेव्हमध्ये बर्फापेक्षा पाणी फार लवकर तापतं, त्यामुळे कडा चटका बसेल इतक्या तापतात आणि मध्ये गोळा तसाच राहतो. मधोमध तोडून बघ, वाफ आली पाहिजे. एकदा गरम केलेलं परत गोठवायचं नाही.

आणि सगळी सँडविचेस फ्रीझरऐवजी फ्रिजमध्येच ठेवली तर चालतील का, असं विचारशील. नको. पाव फ्रिजच्या गारव्यात सगळ्यात लवकर शिळा पडतो. एका रात्रीचं ठीक आहे.

पहिल्या खेपेला वाटलं तर तीनच कर. तुझ्या मायक्रोवेव्हला नेमका किती वेळ लागतो त्याचा अंदाज येईल, मग पुढच्या रविवारी सगळी कर. पाव कसा राहिला ते मला जरूर कळव.

तुझी,
आई