निवाऱ्याची तपासणी भर दुपारी करा

महोदय,

2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैत हिंगोली परिसराला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले. नुकसान मोठे झाले नाही, पण आमच्याकडच्या जुन्या माणसांना 30 सप्टेंबर 1993 ची किल्लारी भूकंपाची पहाट आठवली. त्या निमित्ताने एक मुद्दा मांडतो. आपत्तीनंतर किती तंबू नि किती पत्रे वाटले ते लगेच छापून येते. त्यात माणसे राहिली कशी, हे फारसे कुणी विचारत नाही.

किल्लारीच्या भूकंपात जवळपास आठ हजार माणसे गेली, बहुतेक दगडमातीच्या भिंती आणि माळवदाखाली, म्हणजे लाकूड-मातीच्या जड छताखाली. 52 गावे नव्या जागी वसवावी लागली. पक्की घरे मिळेपर्यंत लोक पत्र्याच्या शेडमध्ये होते. कागदावर निवारा मिळालेला होता. पण माळवदाच्या थंडाव्यात वाढलेल्या माणसाला एप्रिल-मेमध्ये त्या पत्र्याखाली दुपारी बसवत नसे. चूल बाहेर, म्हातारी माणसे लिंबाखाली. ज्वारीची पोती, कडबा, बैल यांची सोय ज्याची त्याने पाहायची. अंघोळीसाठी बायकांना अंधाराची वाट पाहावी लागे, ते कोणत्या अहवालात येणार?

पत्र्याला नुसती नावे ठेवण्यातही अर्थ नाही. ताडपत्री एका पावसाळ्यात फाटते. शेडचे पत्रे पुढे शेतातल्या आखाड्यावर, गोठ्यावर गेले आणि कितीतरी वर्षे टिकले. मदतीचा हिशेब करताना हेही धरायला हवे.

नेपाळमध्ये 25 एप्रिल 2015 चा भूकंप पावसाळ्याच्या तोंडावर झाला. तात्पुरत्या निवाऱ्यासाठी तिथल्या सरकारने कुटुंबामागे 15 हजार नेपाळी रुपये ठरवले. पण गोरखा, सिंधुपाल्चोकच्या डोंगरात पत्रा खेचरावर नाहीतर माणसाच्या पाठीवर चढवावा लागतो. तो खर्च कुणाचा? गोदामातून माल सुटला की मदत पोहोचली, असे तिथे म्हणता येत नाही. आपल्याकडच्या तांड्यांनाही नाही.

म्हणून जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यातच लिहून ठेवावे : एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्यावर तपासणी व्हावी. सुरुवात डांबरी रस्त्यापासून लांबच्या तांड्या-वाडीपासून. सरपंचाच्या ओट्यावर चहा घेऊन नव्हे, तर दुपारी दोनला शेडमध्ये बसून. बायांशी बोलायला बाईच पाठवावी. आणि जे लिहून नेले, ते त्याच गावच्या ग्रामसभेत वाचून दाखवावे.

– एक वाचक, ता. औसा, जि. लातूर