न जाळलेल्या गॅसचा हिशोब

पोर्ट हारकोर्ट, नायजेरिया

ती. बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "गॅस जाळला नाही म्हणून पैसे? आणि ते देतं कोण?" तेवढ्यात लाइन तुटली. उत्तर आज निवांतपणे लिहिते.

तेल वर येतं तेव्हा त्यात विरघळलेला गॅसही येतो. दाब उतरला की सोड्याच्या बाटलीतल्यासारखा तो सुटतो. तेल लगेच विकलं जातं. गॅससाठी मात्र काँप्रेसर हवेत, वेगळी पाइपलाइन हवी, पलीकडे घेणारा हवा. यातलं काही नसलं की उंच नळीच्या तोंडाशी पेटवून द्यायचा. हाच फ्लेअर. २०२४ मध्ये जगभरात असा सुमारे १५१ अब्ज घनमीटर गॅस जळून गेला.

गेल्या आठवड्यात पहाटे मीटर बघायला गेले, तर कुंपणाबाहेर बायका ज्योतीच्या धगीवर किसलेला कसावा (साबुदाणा करतात तो कंद) वाळवत बसल्या होत्या. मला तिथे चेहऱ्यापुढे हात धरल्याशिवाय उभं राहवेना. त्यांच्या मांडीवर लेकरं झोपली होती, आणि आजूबाजूला भर दुपारसारखा उजेड. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

आता पैशांचं. गॅस जाळायच्या ऐवजी वापरात आणला आणि त्यामुळे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला, की एक क्रेडिट. स्वतःचं उत्सर्जन पुरेसं कमी करू न शकलेल्या कंपन्या आणि देश ते विकत घेतात, आणि त्या पैशांतून काँप्रेसरचा, पाइपलाइनचा खर्च निघतो. व्हिएतनामच्या रांग डोंग तेलक्षेत्रातला असा प्रकल्प २००६ मध्ये क्योटो करार या हवामानबदलावरच्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नोंदला गेला. त्याच वर्षी इथला क्वाले-ओकपाईचाही. तिथला गॅस वीजकेंद्राला द्यायचा आणि वर्षाला सुमारे १५ लाख टन वाचवायचे, असा त्याचा अंदाज होता.

तुम्ही लगेच म्हणाल, गॅस वीजकेंद्रात जळतोच की! खरंच जळतो. म्हणून सगळा हिशोब एका प्रश्नावर येतो: त्या गॅसमुळे दुसरं काय जळायचं थांबलं? इथे घरोघरी, दुकानोदुकानी पेट्रोल-डिझेलचे जनरेटर धडधडतात. ते बंद झाले तर बचत खरी. नाहीतर फक्त आगीची जागा बदलली.

दुसरी अडचण मला जास्त खुपते. क्रेडिट मिळतं ते एरवी घडलं नसतं अशा कामाला. पण १९७९ च्या इथल्या कायद्याने १ जानेवारी १९८४ नंतर मंत्र्यांच्या परवानगीशिवाय गॅस जाळायलाच मनाई केली होती. नोव्हेंबर २००५ मध्ये बेनिन सिटीच्या फेडरल हायकोर्टाने तर असं जाळणं म्हणजे लोकांच्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे, असा निकाल दिला. मग बेकायदा गोष्ट थांबवल्याचं बक्षीस का द्यायचं? माझं मत सांगते. मोठ्या क्षेत्रांना क्रेडिट नको, तिथे दंड वसूल करावा. आडबाजूच्या लहानसहान विहिरींवर गॅस इतका थोडा असतो की पाइपलाइनीचा खर्च कधीच निघत नाही. तिथे या पैशांनी खरंच काम होतं, आणि ते व्हायलाच हवं.

आणि मोजमाप चोख हवं. फ्लेअरमध्ये ९८ टक्के गॅस जळतो असं धरून चालतात. अमेरिकेत विमानातून मोजलं तेव्हा सरासरी ९१ टक्क्यांच्या आसपासच भरलं. तो अभ्यास २०२२ मध्ये आला. न जळालेला मिथेन तसाच वर जातो, आणि शंभर वर्षांच्या हिशोबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो.

पुढच्या महिन्यात हाच हिशोब तपासायला आमच्याकडे तपासनीस येणार आहेत. मधे अकरा दिवस काँप्रेसर बंद होता आणि सगळा गॅस फ्लेअरला गेला. ते दिवस तक्त्यातून वगळ, असं मला तोंडी सांगण्यात आलं. मी वगळले नाहीत. मीटरवरचे आकडे तारखेसकट लिहिलेत आणि खाली सही केली आहे. यावरून इथे थोडी बोलाचाली झाली, पण तुम्ही काळजी करू नका. तपासणी झाली की फोन करते.

आईला नमस्कार सांगा.

तुमची लेक