प्रकाशतंतूची परीक्षा खऱ्या वॉशमध्ये व्हावी

महोदय,

सांगलीत नुकतेच अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे प्रदर्शन पाहण्याचा योग आला. ऑप्टिकल फायबरने इथेनॉलचे प्रमाण मोजण्याचा एक प्रकल्प तेथे मांडला होता. माझी सारी नोकरी डिस्टिलरीच्या प्रयोगशाळेत गेली असल्याने त्या टेबलापाशी मी बराच वेळ रेंगाळलो, आणि मुलांचे मनापासून कौतुक करतानाच एक विनंती जाहीरपणे करावीशी वाटली.

तंतूवरचे आवरण काही सेंटिमीटर काढले की तेथे गाभ्यातला प्रकाश बाहेरच्या द्रवाला चाटून जातो. द्रवाचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो याचे माप, वाढला की प्रकाशाची गळती वाढते आणि दुसऱ्या टोकाला तो कमी पोहोचतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३, तर शुद्ध इथेनॉलचा सुमारे १.३६१. मुलांनी याच फरकावर मोजमाप बसवले होते. तंतूत वीज खेळत नसल्याने ठिणगीचे भय नाही, आणि स्पिरिटच्या टाक्यांजवळ ज्यांनी रात्रपाळ्या केल्या आहेत त्यांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

आमच्या काळी फर्मेंटरमधून, म्हणजे आंबवणीच्या टाकीतून, वॉशचा (आंबत असलेल्या मळीच्या द्रावणाचा) नमुना आणला की त्यात थेट हायड्रोमीटर (तरंगून द्रवाची घनता दाखवणारे उपकरण) सोडण्यात अर्थ नसे. कर्बवायूचे बुडबुडे चिकटून तो खोटाच वर उचलला जाई, आणि उरलेली साखर व मळीतले क्षार घनता वाढवत ती वेगळीच. म्हणून नमुन्याचे ऊर्ध्वपातन करायचे, जमलेला द्रव पाणी घालून मूळ आकारमानावर आणायचा, तापमान पाहायचे आणि मगच आकडा लिहायचा. यात तासाहून अधिक वेळ सहज जाई. एका पहाटे मी आकडा घेऊन पोहोचेपर्यंत वॉश पुढे ऊर्ध्वपातनाला सोडून झाला होता, आणि न आंबलेली बरीच साखर स्पेंटवॉशबरोबर, म्हणजे अल्कोहोल काढून उरलेल्या सांडपाण्याबरोबर, वाहून गेली. ती साखर उसाची होती, म्हणजे शेतकऱ्याच्या घामाची होती, याची रुखरुख मला आजही आहे.

प्रकल्पातले सर्व नमुने मात्र स्पिरिट आणि स्वच्छ पाणी मिसळून केलेले होते, आणि खरी अडचण तेथेच आहे. तेवढ्याच वजनाची साखर अपवर्तनांक अल्कोहोलच्या दुपटीहून अधिक वाढवते, आणि यीस्टने खाल्लेल्या साखरेच्या साधारण निम्म्या वजनाइतकेच अल्कोहोल हाती लागते. साहजिकच फर्मेंटरमध्ये अल्कोहोल चढत असताना वॉशचा अपवर्तनांक उतरत असतो. उघडा तंतू तेथे बुडवला, तर आकडा उलटाच दिसेल. शिवाय मळीचा काळा थर त्यावर बसेल तो निराळा. तीव्र स्पिरिटमध्येही फसगत होऊ शकते, कारण वजनाने निम्मे पाणी असलेले मिश्रण आणि शुद्ध इथेनॉल यांचे अपवर्तनांक २० अंश सेल्सिअसला जवळजवळ सारखेच असतात. इथेनॉल एक अंशाने तापले तरी तो सुमारे ०.०००४ ने घसरतो, तेव्हा शेजारी तापमान मोजणारा दुसरा तंतू हवाच.

यावर उपाय नाहीत असे मुळीच नाही. तंतू वॉशमध्ये न बुडवता वरच्या वाफेत ठेवता येतो, त्यावर झिंक ऑक्साइडसारख्या इथेनॉलच्या वाफेला प्रतिसाद देणाऱ्या पदार्थाचा लेप देता येतो, किंवा इथेनॉल ज्या अवरक्त तरंगलांबी शोषते त्यांवरच मोजमाप करता येते. यांपैकी आपल्या वॉशला काय मानवेल हे प्रयोगशाळेतल्या बीकरमध्ये कळणार नाही.

म्हणून सांगली व कराड येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्राध्यापकांना आणि सांगली व सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे, की येत्या गाळप हंगामात या मुलांना फर्मेंटरपर्यंत येऊ द्यावे आणि आंबवणीच्या प्रत्येक टप्प्यावरचा नमुना द्यावा. त्यासोबत प्रयोगशाळेतील ऊर्ध्वपातनाचा आकडाही द्यावा, म्हणजे तंतूचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहता येईल. हे आकडे काढायला माणूस कमी पडत असेल, तर रात्रपाळीलाही यायची माझी तयारी आहे.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी रसायनतज्ज्ञ,
वाळवा तालुका, जि. सांगली