सड्यावरच्या आजोबांना, ज्यांनी आम्हा बापलेकीला चिरेखाणीच्या काठावरून मागे फिरवलं

आजोबा,

तुमचं नाव मला माहीत नाही, चेहरा पण नीट बघितला नाही, बघितली ती फक्त तुमची पाठ आणि त्याहून जास्त तुमच्या चपला, कारण तुम्ही कंदील गुडघ्याजवळ धरला होतात नि उजेड सगळा पायांवरच पडत होता. डाव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने पार झिजून गेलेली, अंगठा तुटलेला आणि तो सुंभाने बांधलेला, त्या सुंभाची दोन टोकं प्रत्येक पावलाला लोंबत होती. अर्धा पाऊण तास मी तेवढंच बघत चाललो. एक वर्ष होत आलं पण डोळे मिटले की अजून तीच चप्पल दिसते.

त्या रात्री मी तुम्हाला थँक्यू पण म्हटलं नाही. उलट पाठ फिरवून पळालो. म्हणून हे पत्र.

आधी सगळं सांगतो, तुम्हाला माहितीच आहे पण वाचणाऱ्यांना कळायला हवं. गेल्या चतुर्थीला आम्ही डोंबिवलीहून गावी आलो होतो, मालवण तालुक्यात, दर वर्षी येतो तसे. गौरी पूजनाच्या आदल्या रात्री वरच्या वाडीत आत्याकडे भजन होतं, मी आणि माझी सहा वर्षांची लेक गेलो होतो. भजन संपून काळ्या वाटाण्याची उसळ नि पाव खाऊन होईपर्यंत साडेअकरा वाजले. चुलतभाऊ बाईक घेऊन आधीच निघून गेला होता, रस्त्याने चालत जायचं तर पाचेक किलोमीटरचा वळसा, आणि सड्यावरून पायवाटेने वीस मिनिटं. आत्या म्हणाली, "रवा हयच, रातचो सडो धरू नको." पण सकाळी घरी गौरीचा ओवसा होता, बायको एकटी सगळं करत होती, आणि लहानपणी शंभर वेळा त्या वाटेने गेलोय हा माज. मी ऐकलं नाही.

ज्यांनी आमचा सडा बघितला नाही त्यांना सांगतो, तो म्हणजे मैलोन् मैल सपाट काळा कातळ, झाड जवळजवळ नाहीच, पावसाळ्यात खळग्यात पाणी साठलेलं नि मधे मधे गुडघाभर गवत. दिवसा भाद्रपदात तिथे इतकी बारीक बारीक जांभळी पिवळी फुलं असतात की पाय ठेवायला जीव होत नाही. रात्री मात्र खूण म्हणून धरायला काहीही नाही. आणि त्या रात्री धुकं आलं. दहा मिनिटंही चाललो नसेन, खालून दरीतून धुकं चढलं नि मोबाईलचा टॉर्च मारला की समोर पांढरी भिंत, बंद केला की काळोख. नेटवर्क गेलेलं, बॅटरी ११ टक्के. लेक खांद्यावर.

एका पडक्या गडग्याचा, म्हणजे दगडी कुंपणाचा, कोपरा लागला, त्यावर निळ्या ताडपत्रीचा तुकडा अडकलेला. म्हटलं हा ओळखीचा, इथून डावीकडे. चाललो चाललो चाललो आणि परत तोच गडगा, तीच ताडपत्री. तिसऱ्यांदा जेव्हा ती ताडपत्री दिसली तेव्हा माझ्या पोटात जे झालं ते शब्दात सांगता येत नाही. आमच्याकडे याला चकवा लागला म्हणतात. लहानपणी ऐकलेले उपाय सगळे केले, शर्ट काढून उलटा घातला, चपला उलट्या पायात घातल्या, खाली बसलो. उजाडेपर्यंत बसून राहायचं असं जुने लोक सांगायचे, आणि मी एकटा असतो तर बसलोही असतो, पण पाऊस भुरभुर चालूच होता आणि लेक थंडीने कुडकुडायला लागली, रडायची पण बंद झाली, आणि ते न रडणं मला जास्त भीतीचं वाटलं. म्हणून परत उठलो.

आणि मग समोर दिसलं, सपाट, काळं, गुळगुळीत. मला वाटलं डांबरी रस्ता लागला. खरंच सांगतो मला इतका आनंद झाला की मी लेकीला म्हटलं "बघ, आला रस्ता" आणि झपझप निघालो.

तेव्हा तुम्ही म्हणालात, "थांब."

ओरडला नाहीत. अगदी शेजारी उभं राहून बोलावं तसं. पाठोपाठ काठी आपटल्याचा आवाज नि काठीला घुंगरू. मी जागच्या जागी गोठलो. मग कंदिलाचा उजेड दिसला, त्याआधी तो कुठेच दिसला नव्हता, आणि डोक्यावरून घोंगडीची खोळ घेतलेले तुम्ही. ओल्या घोंगडीचा तो वास, मेंढीच्या लोकरीचा, माझ्या आजोबांच्या घोंगडीला यायचा तसाच. तुम्ही काठीने एक दगड पुढे ढकललात. क्षणभर काहीच ऐकू आलं नाही, मग खालून डुबुक.

"फुडे खाण आसा," म्हणालात.

तो रस्ता नव्हता, बंद पडलेल्या चिरेखाणीतलं पाणी होतं. दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन जाऊन बघितली, करवतीने चिरे कापून नेलेल्या सरळ उभ्या भिंती, कुठे पाय टेकवायला पायरी नाही की धरायला मूळ नाही, आत हिरवं पाणी. मला पोहता येतं पण त्या भिंतीवरून सहा वर्षांच्या पोरीला घेऊन कुणी वर येऊ शकत नाही. काठाजवळच्या चिखलात माझ्या उलट्या चपलांचे ठसे अजून होते. शेवटच्या ठशापासून काठ मी मोजला. चार पावलं.

तुम्ही विचारलंत, "तू कोणाचो रे?" मी आजोबांचं नाव सांगितलं. तुम्ही नुसतं "हां" केलंत, जसं काही ओळखताच. मग म्हणालात, "चेडवाक नीट धर. माझ्या मागसून ये, मागे बघू नको." बस. बाकी सगळ्या वाटेत एक शब्द नाही. फक्त घुंगरू आणि तुमच्या चपलांचा फटफट आवाज. माझा फोन मधेच कधीतरी बंद पडला. लेक माझ्या खांद्यावरून तुमच्याकडे बघत होती आणि तिला अजिबात भीती वाटली नाही, ती दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, बाबा त्यांच्या चपला किती मोठ्या होत्या ना.

व्हाळावरच्या साकवाशी, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाशी, तुम्ही थांबलात. पलीकडे आमच्या वाडीतला पहिला दिवा दिसत होता. "हयसून फुडे मी येवचंय नाय, तू जा." आणि मग विचारलंत, "विडी आसा काय रे?" मी विडी सिगारेट काही ओढत नाही, "नाय" म्हटलं. तुम्ही "बरा" म्हणालात. त्या "बरा"मध्ये राग नव्हता की काही नव्हतं, पण मला आजही तो आठवला की कसंतरी होतं. ज्याने माझी लेक वाचवली त्याने एक विडी मागितली आणि माझ्याकडे ती नव्हती.

आणि मी आभार मानायच्या ऐवजी साकव ओलांडला नि धावत सुटलो. अर्ध्या चढावर मागे बघितलं, तुम्ही नको म्हटलं होतंत तरी. साकवापासून सड्यापर्यंतची सगळी घसरण तिथून उघडी दिसते, कंदील घेऊन माणूस चढत असेल तर दहा मिनिटं तरी उजेड दिसायला हवा. काही नव्हतं. धुकं पण तेव्हा विरळ झालं होतं.

घरी पोचलो तर आमची चुलत आजी पडवीत जागी. मी चिरेखाणीचं सांगायला सुरुवात केली, कंदील म्हटला, घोंगडी म्हटली, तोवर तीच म्हणाली, "काठयेक घुंगरू होते?" मी घुंगराचं अजून बोललोच नव्हतो. ती उठली, तुळशीजवळ पणती लावली आणि अंधाराकडे तोंड करून हात जोडून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, पोरांची राखण केलंस..." पुढचं मला ऐकू आलं नाही, मी रडत होतो.

आजीच्या मते तुम्ही देवचार. आमच्या सिंधुदुर्गात आणि गोव्यात पण लोक मानतात की प्रत्येक गावाच्या हद्दीचा एक राखणदार असतो, तो रात्री हद्दीवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत आणून सोडतो पण हद्दीपलीकडे येत नाही. वेंगुर्ला तालुक्यात आरवलीला वेतोबाच्या देवळात लोक केळ्याचे घड नि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात ते मी लहानपणी बघितलंय, रात्रभर फिरून देवाच्या चपला झिजतात असं सांगतात. आजीने ते सांगितलं तेव्हा मला सुंभ बांधलेली तुमची डावी चप्पलच आठवली.

मी सायन्स शिकलेला माणूस आहे. डोंबिवलीला आल्यावर चकव्याबद्दल बरंच वाचलं. यान सौमन नावाच्या संशोधकाने जर्मनीत माक्स प्लांक संस्थेत असताना यावरच अभ्यास केला होता, २००९ साली छापून आला. लोकांना जंगलात आणि सहारा वाळवंटात जीपीएस लावून सरळ चालायला सांगितलं, तर सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर लोक बऱ्यापैकी सरळ गेले, आणि ढग आले की गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, त्यांना ते कळलं पण नाही. डोळे बांधले तर काही जण जेमतेम २० मीटरच्या गोलात फिरत राहिले. म्हणजे ती निळी ताडपत्री मला तीनदा का दिसली ते मला आता कळतं. मला ते पटतं, अगदी पूर्ण पटतं. पण "थांब" कोण म्हणालं ते त्यात नाही.

ऑफिसातले काही मित्र म्हणाले अंधश्रद्धा पसरवू नकोस, कुणी गुराखी असेल. असेलही. मी दुसऱ्या दिवशी दोन्ही वाड्यांत विचारलं, गुरं राखणाऱ्यांना विचारलं, रात्री सड्यावर कोणीच नव्हतं म्हणाले, घुंगराची काठी कुणाकडे नाही. पण पलीकडच्या गावातलं कुणी असेल तर मला कसं कळणार. आणि हेच मला मनापासून सांगायचंय आजोबा, तुम्ही हाडामासाचे असाल, म्हातारपणात पावसात रात्री बारा वाजता एका परक्या माणसाला अर्धा पाऊण तास चालत सोडायला आला असाल, तर तुमचं ते करणं देवचाराच्या नावावर टाकणं हा तुमच्यावर अन्याय होईल. आणि तुम्ही राखणदार असाल तर तुम्हाला पैशाचं पाकीट द्यायला शोधत फिरणं हाही वेडेपणाच. खूप विचार केला. शेवटी म्हटलं, चप्पल दोघांनाही लागते.

म्हणून शिमग्याला आलो तेव्हा मालवणच्या बाजारातून चामड्याचा जोड घेतला. माप लेकीने हाताने दाखवलं, एवढं, दुकानदार म्हणाला एवढं कुणाला लागतं, शेवटी अकरा नंबर घेतला. साकवाच्या अलीकडे पायरीच्या झाडाखाली एका चिऱ्यावर ठेवला, सोबत विड्यांचं बंडल नि काडेपेटी, प्लास्टिकमध्ये नीट गुंडाळून. सकाळी बघितलं तर चपला नव्हत्या, विड्या नव्हत्या. काडेपेटी तशीच होती.

अजून एक सांगायचं राहिलं, त्या खाणीच्या कडेने मी आणि भावाने मिळून पडलेले चिरे लावून घेतलेत, त्यांना चुना मारलाय, धुक्यात पण पांढरे दिसतात, आम्ही रात्री जाऊन बघून आलो (दोघे होतो, मोठा टॉर्च होता, काळजी नको). खाण कोणाची ते इथे लिहीत नाही, पण सड्यावर अशा उघड्या सोडलेल्या खाणी अजून आहेत आणि प्रत्येक काठावर तुम्ही उभे राहू शकत नाही. तिकडचे कोणी वाचत असाल तर आपापल्या वाडीजवळच्या खाणीला एवढं तरी करा, एक दिवसाचं काम आहे.

चतुर्थीला आम्ही येतोय. विड्या आणतो, या वेळी खिशात ठेवूनच फिरणार आहे. लेकीने विचारायला सांगितलंय की नवीन चप्पल डाव्या पायाला चावत तर नाही ना. नवं चामडं आहे, थोडं खोबरेल लावा म्हणजे सैल होईल.

तुमचा,
साकवाशी मागे वळून न थांबलेला