माश्यांचं टेन्शन

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू हसत विचारलंस, "माश्यांना कसलं रे टेन्शन? त्यांना काय घराचा हप्ता भरायचाय?" तुझी बस आली म्हणून विषय तिथेच राहिला. तसंही हे फोनवर सांगून भागणारं नव्हतं, म्हणून लिहायला बसलोय.

आमच्या प्रयोगशाळेतल्या माश्या म्हणजे पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात ती चिलटं. मक्याचं पीठ, साखर, यीस्ट आणि अगर शिजवून त्यांचं खाणं करतो. २५ अंशांवर त्या मजेत असतात. त्यांच्या अळ्यांची नळी ३७ अंशांच्या पाण्यात ठेवायची. तुझ्यामाझ्या अंगाचं रोजचं तापमान, पण त्यांच्या जिवावर बेतणारं. मग सुयांनी लाळग्रंथी सोडवायच्या, रंगवायच्या आणि काचेखाली अंगठ्याने दाबायच्या. त्या पेशींतली गुणसूत्रं अवाढव्य असतात, कारण एकाच धाग्याच्या हजारभर प्रती शेजारी शेजारी चिकटलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकात आडवे पट्टे दिसतात. जिथलं जनुक जोरात कामाला लागतं तिथला पट्टा फुगतो, त्याला आम्ही पफ म्हणतो. उष्णता लागली की काही मिनिटांत जुने पफ बसतात आणि ठरावीक जागी नवे उठतात. कितीही वेळा पाहिलं तरी मला त्याचा कंटाळा येत नाही.

हे पहिल्यांदा पाहिलं फेरुच्चो रितोसा या इटालियन माणसाने. प्रयोगशाळेत कुणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं आणि त्याला नेहमीचे पफ सोडून भलतेच दिसले. दुसरा असता तर नमुना बिघडला म्हणून त्याने फेकून दिला असता. त्याने मुद्दाम तापवून पुन्हा पाहिलं. एका नावाजलेल्या नियतकालिकाने 'याला महत्त्व नाही' म्हणून लेख परत पाठवला. शेवटी तो १९६२ साली दुसरीकडे छापून आला. त्या पफांतून काय तयार होतं हे कळायला १९७४ उजाडलं. ती होती हीट शॉक प्रोटीन (एचएसपी), म्हणजे उष्णतेचा धक्का बसला की पेशी बनवते ती प्रथिनं.

त्यांचं काम समजून घ्यायला उकडलेलं अंडं आठव. प्रथिनाचा धागा नीट घडी घातलेला असेल तरच काम करतो. उष्णतेने घडी उलगडली की आतले चिकट भाग बाहेर येतात, एकमेकांना धरतात आणि गोळा होतो. त्यांच्यातलंच एक, एचएसपी-७०, त्या उघड्या चिकट भागांवर जाऊन बसतं आणि धाग्याला पुन्हा घडी घालायची संधी देतं. तोवर पेशी बाकीची बरीचशी उत्पादनं थांबवते. यीस्टकडे तर एचएसपी-१०४ आहे, ते झालेला गोळाही ओढून सोडवतं. पेशींना आधी सौम्य उष्णता दिली तर नंतरच्या, एरवी मारून टाकणाऱ्या उष्णतेतूनही त्यातल्या बऱ्याच तगतात.

पण बाळ्या, मला खरी गंमत वाटते ती हे सगळं बंद कसं होतं याची. जनुकं चालू करणारा घटक, एचएसएफ-१, एरवी याच प्रोटीनांनी धरून ठेवलेला असतो. उष्णतेत ती बिघडलेल्या प्रथिनांकडे धावतात, तो मोकळा सुटतो आणि जनुकं चालू करतो. प्रोटीन पुरेशी झाली की त्यालाच पुन्हा धरतात. वरून हुकूम यावा लागत नाही. हे सतत चालू राहणं चांगलं नाही, कारण कॅन्सरच्या गाठींतल्या पेशीसुद्धा याच आधारावर जगतात. सुझन लिंडक्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेने २००७ साली दाखवलं की एचएसएफ-१ नसलेल्या उंदरांमध्ये अशा गाठी कमी होतात.

आपल्याकडचंही सांगतो. सुभाष लखोटिया या शास्त्रज्ञांनी ९३-डी या एका पफमागे आयुष्य घातलं, त्यातली बहुतेक वर्षं बनारसला. बेन्झामाइड नावाचं रसायन दिलं की नेमका तेवढाच उठतो, हे त्यांनी आणि त्यांच्या गुरूंनी १९७०मध्ये दाखवलं. पुढे दिसलं की त्या पफमधून आरएनए (जनुकाची कामापुरती प्रत) भरपूर निघतो, पण त्याच्यापासून नवं प्रथिन काही बनत नाही. प्रथिन नाही तर उपयोग काय, असं वाटायच्या काळात चिकाटीने त्याच्या मागे राहणं सोपं नव्हतं.

आता तुझं टेन्शन. त्याची गोष्ट वेगळ्या घरची. माँट्रियलमध्ये हान्स सेल्ये नावाचा संशोधक उंदरांना निरनिराळे अर्क टोचत होता, थंडीत ठेवत होता, दमवत होता. काहीही करा, परिणाम तेच: अ‍ॅड्रिनल ग्रंथी (मूत्रपिंडांवरच्या) मोठ्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, जठरात व्रण. १९३६ साली त्याने ते छापलं. यालाच पुढे 'स्ट्रेस' हे नाव पडलं. मोठा माणूस, पण पुढे तंबाखू उद्योगाचे पैसे घेतले आणि धूम्रपानाने ताण हलका होतो असं बोलू लागला. कटिंगबरोबर सिगरेट ओढताना तू जे कारण सांगतोस ना, ते या घराण्यातलं आहे!

इथेही आवर घालणं आतूनच होतं: अ‍ॅड्रिनलमधून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलं की मेंदूला ते कळतं आणि तो वरून येणारी त्याची मागणी कमी करतो. मागणी थांबतच नाही तेव्हा शरीराची झीज होते. म्हणून 'स्ट्रेस वाईट' असं कुणी सरसकट म्हटलं की मी वाद घालतो.

आणि हो, ती कॉर्टिसॉलची तपासणी असलेली पॅकेजची जाहिरात पाठवली होतीस. कॉर्टिसॉल पहाटे-सकाळी भरपूर, मध्यरात्री अगदी कमी असतं. कुठल्याही वेळी एकदा रक्त देऊन तुझं टेन्शन मोजता येत नाही. डॉक्टर ती तपासणी अ‍ॅड्रिनलच्या आजारांसाठी सांगतात, तेही वेळ ठरवून. पैसे ठेव. झोप लागत नाही म्हणतोस त्यासाठी आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना गाठ, आणि ते काय म्हणाले ते कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
नंदू