पाटी मराठी झाली, आता अक्षराकडे पण बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दुकानांच्या मराठी पाट्यांवर आपल्या पेपरात बरंच छापून आलं, पत्रंही आली. पाटी मराठीत लागली याचा मला मनापासून आनंद आहे. २०२२ साली कायद्यात बदल झाला आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही पाटी देवनागरीत लावायची सक्ती झाली, मग सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोन महिन्यांची मुदत दिली, आणि त्या दोन महिन्यांत आमच्या लालबाग-परळमध्ये फ्लेक्सवाल्यांकडे रांगा लागल्या. एका रात्रीत पाट्या बदलल्या. पण त्या पाट्यांवरचं अक्षर कोणी बघितलं का हो? मी बघितलं, आणि म्हणून हे पत्र लिहितोय.

माझे बाबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. पाळी संपली की मंडळाच्या नाटकाचे बोर्ड रंगवायचे, गिरणीच्या गेटजवळचा फळा लिहायचे, गणपतीत कमानीवरची अक्षरं त्यांचीच. पैसे कोणी देत नव्हतं आणि ते मागतही नव्हते, चहा आणि खारी मिळाली की झालं. घरात आई म्हणायची, झोप सोडून हे कशाला. मग १८ जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाखाच्या आसपास कामगार घरी बसले आणि त्यातले बहुतेक परत कधी आत गेलेच नाहीत. बाबाही गेले नाहीत. त्यानंतर आमचं घर चाललं ते त्याच ब्रशवर. दुकानांचे बोर्ड, गाड्यांचे नंबर, डॉक्टरांच्या पाट्या, चाळीतल्या मीटरवरची नावं, मिळेल ते. ज्याला आई 'झोप सोडून' म्हणायची त्यावर आम्हा तीन भावंडांची शिक्षणं झाली.

एक बोर्ड मला अजून आठवतो, मी तेव्हा सातवीत असेन. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक लॉण्ड्री होती, तिचा. पत्र्याला पांढरा हात मारून दोन दिवस वाळवलेला. बाबांनी खडूची पूड लावलेला दोरा दोन टोकांना ताणून धरायला सांगितला, एक टोक माझ्याकडे, आणि मधोमध उचलून फटकन सोडला, सरळ रेघ उमटली. ती शिरोरेषेची. मग खाली एक. मग नुसत्या खडूनं अक्षरं मांडली, पुसली, परत मांडली. ल झाला, काना आणि वरचा चंद्र झाला, आणि मग आला तो ण्ड्री. अर्धा ण, त्याला चिकटून ड, ड च्या पोटाखाली र चे दोन तिरपे पाय आणि वरून दीर्घ वेलांटी, एवढं सगळं एका जागेत बसवायचं आणि तरी रस्त्याच्या पलीकडून वाचता आलं पाहिजे. त्या एका जोडाक्षराला बाबांनी अख्खी दुपार घालवली. डाव्या हाताखाली काठी, काठीच्या टोकाला चिंधीचा गोळा म्हणजे ओल्या रंगाला लागू नये, आणि उजव्या हातात खारीच्या केसांचा ब्रश. मालक दोनदा येऊन बघून गेला, म्हणाला अहो नुसतं लॉण्ड्री तर लिहायचंय. बाबा एवढंच म्हणाले, वेलांटी अंगावर येतेय, जरा थांबा.

तो बोर्ड पुढे पंचवीस-तीस वर्षं टिकला. आमच्या घरी यायचं तर लोकांना पत्ता काय सांगायचो, लाल अक्षरातली लॉण्ड्री दिसली की डावीकडे वळा. रिक्षा-टॅक्सीवाले, गावाहून येणारे पाहुणे, पोस्टमन, सगळ्यांना ती पाटी ठाऊक. आता सांगा, ती कला होती की काम होतं? मला तरी त्यात कधी फरक करता आला नाही.

२०२३ मध्ये मालकाच्या मुलानं फ्लेक्स लावला. त्यात ण पाय मोडून एकीकडे, ड वेगळा, री वेगळी, आणि सगळा फॉन्ट आडवा ओढून पट्टीभर पसरवलेला. मी त्याला म्हटलं अरे हे जोडाक्षर तुटलंय, तर म्हणाला काका, नियमात बसतंय ना, झालं. त्याचं काही चुकलं असं मला म्हणायचं नाही, त्याला दोन महिन्यांत पाटी हवी होती आणि ती मिळाली. पण मी त्या दिवसापासून येता-जाता पाट्या बघतोय, विद्यालयचं विदयालय झालंय, द्वारकाचं व्दारका झालंय, रफार चुकीच्या अक्षरावर जाऊन बसलेत, आणि हे शाळांच्या आणि देवळांच्या पाट्यांवर पण आहे.

कोणी म्हणेल कॉम्प्युटर आला म्हणून असं झालं. मला ते पटत नाही. विंडोजमध्ये आपण जो मंगल फॉन्ट वापरतो तो र. कृ. जोशींनी केला, हाताच्या अक्षराचा आयुष्यभर अभ्यास केलेला माणूस. आपल्या मुंबईतल्याच 'एक टाइप' नावाच्या ग्रुपनं मुक्ता आणि बलू हे फॉन्ट केलेत, चांगले आहेत, आणि फुकट मिळतात. म्हणजे साधन आहे, पैसाही लागत नाही. फक्त कोणीतरी स्क्रीनसमोर बसून पाच मिनिटं त्या शब्दाकडे बघायला पाहिजे, आणि ती पाच मिनिटं कोणाच्याच बिलात धरलेली नाहीत. माझं दुखणं हेच आहे. कामाचे तास मोजतात, बघण्याचे मोजत नाहीत.

हे फक्त पाट्यांचं नाही. मी स्वतः स्टोअरकीपर आहे, स्पेअर पार्ट्सचं गोडाऊन. पार्ट नंबर आठ आकडी, शेवटचा एक आकडा वेगळा की वस्तू वेगळी, नवीन पोरं हमखास चुकायची आणि चुकीचा माल गेला की रात्री फोन. मी घरी बसून पुठ्ठ्यावर कार्डं केली, वॉशर, गॅस्केट, ऑइल सील, जेवढा पार्ट तेवढंच खऱ्या मापाचं चित्र, साइजप्रमाणे रंग. आणि प्रत्येक रॅकला एक मासा, कारण माशांची नावं आमच्याकडे कोणीच विसरत नाही. बांगडा, सुरमई, पापलेट, हलवा. बिहारहून आलेला एक मुलगा, मराठी वाचता येत नाही, इंग्रजी अडखळत, तो दुसऱ्या दिवसापासून न विचारता माल काढायला लागला. आपले डबेवाले काय वेगळं करतात, डब्याच्या झाकणावर रंगानं काढलेली खूण बघून डबा बरोबर माणसाच्या टेबलावर पोचवतात.

तर ऑडिटच्या आधी साहेबांनी ती सगळी कार्डं उतरवायला लावली. ही बालवाडी आहे का, म्हणाले. तिथे बारकोड लागले, लागू देत, बारकोडशी माझं भांडण नाही. पण कार्डांनी कोणाचं काय बिघडवलं होतं ते मला अजून कळलेलं नाही. मला खूप लागलं ते. घरी येऊन कोणाशी बोललो नाही. आज दोन वर्षं झाली, कार्डं माझ्या कपाटात आहेत आणि पोरं अजूनही एकमेकांना सांगतात, पापलेटवरून दोन आण.

आपल्याकडे एक समज झालाय की कला म्हणजे कामानंतरची गोष्ट, रविवारची, ज्याला वेळ आणि पैसा आहे त्याची. गिरणगावात राहिलेल्या माणसाला हे कसं पटेल? तीन पाळ्यांत काम करणाऱ्या माणसांनी इथे कामगार रंगभूमी उभी केली, परळच्या दामोदर हॉलमध्ये नाटकं केली, भजनाच्या डबलबाऱ्या रात्र-रात्र रंगवल्या. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले, आणि कविता काय त्यांनी सुट्टी काढून लिहिली? माझ्या मुलीच्या शाळेत मात्र चित्रकलेचा तास परीक्षा जवळ आली की गणिताला जातो, आणि पालकांना चित्रकला आठवते ती इंटरमिजिएटच्या ग्रेडचे दहावीला वाढीव मार्क मिळतात तेव्हा.

माझं मागणं फार मोठं नाही. पालिकेचे लोक पाटी तपासायला येतात तेव्हा अक्षराचं माप बघतात, तसं अक्षर शुद्ध आहे का, जोडाक्षर तुटलंय का तेवढं पण बघा. त्यासाठी दंड नको, नुसतं सांगा, माणसं ऐकतात. मुंबईत अजून हातानं बोर्ड रंगवणारे पेंटर आहेत, वय झालेलं आहे, निदान पालिकेच्या शाळा, दवाखाने, बागा यांच्या पाट्या तरी त्यांच्याकडून करून घ्या आणि सोबत दोन शिकाऊ मुलं द्या. नाहीतर तो दोरा कसा सोडायचा हे सांगायलाही कोणी राहणार नाही.

आणि एक मागणं आपल्याकडे. एकेकाळी पेपरात नाटकांच्या जाहिराती यायच्या त्यात नाटकाचं नाव कमल शेडगे यांनी हातानं लिहिलेलं असायचं, बाबा ती कात्रणं कापून वहीत चिकटवायचे, आणि कुठलं अक्षर कसं वळवलंय ते मला बोट फिरवून दाखवायचे. ती वही आमच्याकडे आहे. आठवड्यातून एकदा, रविवारच्या पुरवणीत एका तरी लेखाचं शीर्षक कुठल्यातरी नव्या मुलाकडून हातानं लिहून घेऊन छापाल का? माझी मुलगी बाबांचेच ब्रश घेऊन बसते हल्ली, तिला कापून चिकटवायला काहीतरी मिळेल. वहीची शेवटची सतरा पानं कोरी आहेत.

आपला,
एक स्टोअरकीपर, लालबाग