तुझ्या गादीखाली सापडलेलं पुस्तक

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर ताईने तुझी खोली आवरली, तेव्हा गादीखाली ते विसरलेल्या देवांचं जाडजूड पुस्तक निघालं, नील गेमनची ‘अमेरिकन गॉड्स’ कादंबरी. नुसतं चाळणार होतो, पण पुरतं वाचूनच खाली ठेवलं. माझं इंग्रजी वाचणं किती सावकाश ते तुला ठाऊक आहे. रोज रात्री ‘दिवा घालवा आता’ म्हणून आई कंटाळली.

कल्पना झकास आहे. माणसं देशोदेशींहून अमेरिकेत आली, येताना आपले देव घेऊन आली आणि पुढे पोटामागे लागून त्यांना विसरली. आता ते देव बारीकसारीक धंदे करून दिवस काढताहेत. इजिप्तचे देव इलिनॉयमधल्या कैरो गावात प्रेतांची शेवटची व्यवस्था करतात, हे वाचून हसलो. मग वाटलं, त्यांचं पूर्वीचं काम तरी दुसरं काय होतं?

पण त्यात जो तो सारखा गाडी चालवत असतो. रात्रीबेरात्री, थंडीत, शेकडो मैल. नायकाची बायको तर सुरुवातीलाच मोटार अपघातात जाते. तू रात्रीचा लांब गाडी नेऊ नकोस. एवढंच सांगायचं होतं.

त्यातला आनान्सी, म्हणजे आफ्रिकेतल्या गोष्टींमधला कोळीकिड्याच्या रूपातला देव, मला फार आवडला. घानाकडच्या अकान लोकांना गुलाम करून जहाजात कोंबलं, तेव्हा हातात काय घेणार? जाळं विणणाऱ्या त्या लबाड कोळीकिड्याच्या गोष्टी तेवढ्या तोंडात राहिल्या. जमैकात त्या आजही सांगतात. लहानपणी तू आजीला गोष्टीच्या शेवटी हटकून विचारायचास, ‘मग तो देव आता कुठे राहतो?’ आजी म्हणायची, झोप. तुझी ती खोड गेली नाही, याचा मला अभिमान आहे. तोंडावर कधी बोललो नसेन.

आणि हे तुझ्या पुस्तकात नाही, मी शोधलंय : तुर्कस्तानात बोगाझकोयला इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला मितन्नी नावाच्या तिकडच्या जुन्या राज्याच्या राजाचा तह सापडला. त्यात साक्षीला आपले वेदांतले देव मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार! आज तिथे त्यांना कोण ओळखतं? तेव्हा देव मान की न मान, पण माणसाने निदान ठाऊक तरी... असो. व्याख्यान सुरू झालं. निघताना एकदा झालंय तेवढं पुरे, राग धरू नकोस.

पुस्तकात येतं ते विस्कॉन्सिनमधलं ‘हाऊस ऑन द रॉक’ हे अजब प्रेक्षणीय ठिकाण खरंच आहे म्हणे. तिथल्या फिरत्या पाळण्यावर २६९ प्राणी, पण घोडा एकही नाही. नकाशात पाहिलं, तुझ्यापासून फार लांब नाही. जरूर जाऊन ये, पण दिवसा. अंधार पडला तर तिथेच मुक्काम कर, पैशाकडे बघू नकोस. काकाचं तुला ठाऊकच आहे. त्यालाही सकाळी लवकर पोचायचं होतं.

पुस्तक पाठवू की राहू दे? ताईला वाचायचंय, पण मला अजून एकदा लागेल.

आई विचारते आहे, गाडीला बर्फात चालणारे टायर बसवलेस का? मी विचारत नाहीये.

तुझा,
बाबा